पायताण आणि पायवाट

१९ जानेवारी २०२५ च्या सकाळी बीड जिल्ह्यातील घोडका राजुरी या गावानजीक, महामार्गाच्या कडेने काही तरुण धावत होते. पोलीस भरतीची तयारी हा त्यांच्या धावण्याचा हेतू. एका बसने त्यांना धडक दिली आणि तिघांचा अंत झाला. महाराष्ट्राच्या पोलीस दलात शिपाई व्हावयाचे असेल, तर मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. हे अंतर शासनाने ठरविले आहे, त्याचे गुणही ठरविले आहेत. ते अंतर धावण्याचा सराव त्या मुलांनी करावा कुठे, एवढे मात्र कोणी ठरविलेले नाही. ज्या गावात मैदान नाही आणि शेतात पीक उभे आहे, तेथे उरतो तो डांबरी रस्ता. आणि डांबरी रस्ता माणसासाठी नसून वाहनांसाठी आहे, अशी आपल्या देशात आता सर्वांचीच समजूत झालेली आहे.

या घटनेची आठवण आम्ही आज काढतो आहोत, त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या गोमंतकात गेल्या काही वर्षांत धावणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मिरामारच्या वाळूवर, आल्तिनोच्या चढणीवर, मडगाव-म्हापशाच्या गल्ल्यांतून पहाटे माणसे धावताना दिसतात. वास्को परिसरात झुआरीच्या काठाने होणारी रिव्हर मॅरेथॉन आता सरावाची झाली आहे. मधुमेहाने धास्तावलेले गृहस्थ, निवृत्त शिक्षक, बँकेतील भगिनी, महाविद्यालयीन मुले असा हा संमिश्र मेळा आहे. याचे आम्हांला कौतुकच वाटते. परंतु या मंडळींच्या बोलण्यात एकच प्रश्न वारंवार येतो: बूट कोणते घ्यावेत? धावावे कुठे, हा प्रश्न त्यामानाने फारच थोडे विचारतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. तरीही बूट हा विषय क्षुद्र नव्हे. म्हणून आधी त्याचाच परामर्श घेऊ.

पायताणाविषयी आपल्या समाजाची वृत्ती मोठी विचित्र आहे. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे राज्य चालविले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. आणि त्याच पादुका घडविणाऱ्या हातांना मात्र शतकानुशतके उंबऱ्याबाहेर उभे करतो. चप्पल ही दाराबाहेर सोडण्याची वस्तू. तिच्याविषयी विचार करणे हे सुशिक्षितांचे काम नव्हे, असा आपला जुना समज. दुसरीकडे अनवाणी चालण्याला आपण पुण्याची जोड दिली. वारीला अनवाणी, जत्रेला अनवाणी, नवसाला अनवाणी. त्यामुळे एखादा खेळाडू अनवाणी धावून मोठा झाला, की आपला ऊर भरून येतो आणि त्याच्या पायांत बूट का नव्हते, हे विचारायचे आपण विसरतो.

अशी उदाहरणे आपल्याजवळ थोडी नाहीत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावली. पुढे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक तिने मिळविले. बारामतीच्या २०१४ च्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या आजारपणाला पैसा हवा होता, म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, गौरव झाला, ते योग्यच झाले. परंतु ज्या समाजात औषधपाण्यासाठी एका वृद्ध स्त्रीला शर्यत जिंकावी लागते, त्या समाजाने केवळ टाळ्या वाजवून स्वस्थ बसावे, हे आम्हांला रुचत नाही. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावून विश्वविक्रम केला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. त्याच बिकिलाने चार वर्षांनी टोकियोत बूट घालून ती शर्यत पुन्हा जिंकली आणि आपलाच वेळ तीन मिनिटांहून अधिक कमी केला, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

याचा अर्थ बूट महाग तितका धावणारा मोठा, असाही नव्हे. आज दुकानात दीड-दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत किमतीचे बूट मांडलेले असतात आणि प्रत्येकाच्या खोक्यावर शास्त्राची भाषा छापलेली असते. कार्बनची पट्टी बसविलेले, जाड फेसाळ तळव्याचे बूट २०१७ नंतर शर्यतींत आले, विक्रम भराभर मोडू लागले आणि अखेर २०२० मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकच, असा नियम घालावा लागला. हे बूट सेकंदांसाठी झगडणाऱ्यांचे आहेत. रक्तातील साखर आटोक्यात राहावी म्हणून तीन किलोमीटर धावणाऱ्या गृहस्थाने त्यांच्यामागे लागणे म्हणजे बाजारहाटाला जाण्यासाठी शर्यतीची मोटार घेण्यासारखे आहे.

तळव्याची कमान पाहून बूट निवडावा, सपाट पावलाला एक जात आणि उंच कमानीला दुसरी, हा सल्ला दुकानदार वर्षानुवर्षे देत आले. ओल्या पायाचा ठसा कागदावर घेण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असेल. अमेरिकेच्या भूदल, वायुदल आणि मरीन दलातील हजारो नवभरतींवर हा सल्ला पारखून पाहण्यात आला. २००९-१० च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमानीप्रमाणे बूट दिलेले आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेले, या दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये असे मत मांडले, की पायाला जो बूट सुखाचा वाटतो तोच बहुधा त्याच्या चालीला योग्य असतो. वहाण कुठे चावते ते घालणाऱ्यालाच कळते, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ठाऊक असलेले सत्य प्रयोगशाळेने मोठ्या खर्चाने सिद्ध केले, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा आमच्या वाचकांनी बूट घेताना साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगलेले असते आणि धावतानाही ते तसेच फुगते. जे मोजे घालून धावावयाचे तेच घालून बूट चढवावेत. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाला बसेल तो बूट घ्यावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी आणि टाच मात्र आत सरकता कामा नये. लहानपणापासून अनवाणी वा चपलेत वावरलेली आपली पावले पुढे पसरट असतात. निमुळत्या तोंडाचा बूट, तो कितीही नावाजलेला असो, अशा पावलांना जाच करतो. दुकानात चार पावले धावून पाहावे आणि दुकानदार कपाळाला आठ्या घालू लागला तर दुसरे दुकान गाठावे. धावण्याच्या बुटाचे आयुष्य साधारणतः पाचशे ते आठशे किलोमीटर असते. वरून तो धडधाकट दिसला तरी आतील फेसाचा लवचीकपणा मेलेला असतो. आणि नवा बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालण्याचा मोह कोणीही धरू नये.

बूट कोणत्या भूमीवर धावावयाचे त्यावरही ठरतो. तापीच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूरकडच्या जसोंडीसारख्या गावी धावणाऱ्या मराठी मुलाला पावसाळ्यात शेरभर काळा चिखल बुटाला चिकटविणाऱ्या मातीशी झगडावे लागते. आपला झगडा निराळा. शेवाळलेला जांभा हा तेलकट फरशीहून निसरडा असतो. तेथे खोल खाचांचा, पकड घेणारा रबरी तळवाच हवा. डांबरावर तोच तळवा लवकर झिजतो. मृगापासून हस्तापर्यंत आपल्याकडे बूट वाळत म्हणून नाहीत. त्यांना बुरशी चढते आणि घरभर दुर्गंधी सुटते. ओल्या बुटांत जुने वर्तमानपत्र चुरगळून कोंबून ठेवावे, ते पाणी शोषून घेते. आमच्या अग्रलेखाचा याहून अधिक उपयोग काही वाचकांना वाटत नसेल, तर निदान एवढा तरी त्यांनी अवश्य करून घ्यावा.

ज्यांना अनवाणी धावण्याचीच हौस आहे, त्यांनाही आम्ही नाउमेद करीत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की जन्मभर अनवाणी धावणारे लोक बहुधा टाचेऐवजी पावलाच्या पुढल्या भागावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा हादरा कमी बसतो. परंतु वीस वर्षे बूट घातलेल्या पावलाला ही कला एका पहाटेत येत नाही. घोट्यामागचा स्नायू आणि टाचेची शीर यांना सवय होण्यास महिने लागतात. आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचांना अनवाण्याच्या पुण्याईची ओळख नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धावावे कुठे?

निसर्गाने आपल्याला या बाबतीत कमी दिलेले नाही. वेळसांवपासून मोबोरपर्यंत पंचवीस-एक किलोमीटर सलग वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला ओलसर, घट्ट झालेली वाळू ही धावपट्टीच होय. वरची भुसभुशीत वाळू मात्र पोटऱ्या मोडते. किनारा समुद्राकडे कललेला असतो, म्हणून ज्या बाजूने गेलो त्याच बाजूने परत यावे, म्हणजे दोन्ही पायांवरचा भार सारखा होतो. ओहोटीची वेळ कळण्यासाठी यंत्राचीही गरज नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा आपल्या दर्यावर्दी बांधवांचा जुना हिशेब. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पाचच्या सुमारास ओहोटी. त्या पहाटे समुद्र धावणाऱ्यासाठी आपले अंगण सारवून ठेवतो. अष्टमीला सहाला भरती. त्या दिवशी किनाऱ्याला नमस्कार करून दुसरीकडे जावे. भिंतीवरच्या पंचांगाचा हा उपयोग आमच्या तरुण वाचकांना नवा वाटेल.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी खाजन शेतीचे बांध आहेत, मोकळे सडे आहेत, भातकापणीनंतर सुकलेली शेते आहेत, देवळापुढची मैदाने आहेत. मातीवर धावणे गुडघ्यांना डांबरापेक्षा सुसह्य वाटते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. पण यांतील किती जागा उद्या शिल्लक राहतील? सड्यांवर वसाहती उभ्या राहत आहेत. गावच्या मैदानावर कधी मांडव, कधी वाहनतळ. शाळेच्या मैदानाला कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकाला कुलूप. किनाऱ्यावर पहाटे काचांचा सडा. शेवटी धावणारा येतो तो रस्त्यावर. आणि आपले रस्ते रुंद झाले ते वाहनांसाठी, त्यांच्या कडेला पाऊल टेकण्यापुरतीही जागा पुष्कळ ठिकाणी राहिलेली नाही.

स्त्रियांची अडचण याहून बिकट आहे. सातारा जिल्ह्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषाने गाठलेल्या अंतिम फेरीनंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत असे यश भारतीय स्त्रीला मिळाले नव्हते. तिच्या यशाने भारावून जाणाऱ्या किती आईबापांनी आपल्या मुलीला पहाटे पाच वाजता एकटीने धावायला पाठविले असते? दोष आईबापांचा नाही. अंधारा रस्ता, मोकाट कुत्री आणि त्याहून मोकाट माणसे यांना ओलांडून गेल्यावर मग धावणे सुरू होते. सात वाजता उजाडून रहदारी वाढते, तोवर घरची चूल आणि मुलांची शाळा यांची वेळ झालेली असते. स्त्रीच्या बाबतीत बुटाचा प्रश्न हा अगदी शेवटचा होय.

हे केवळ खेड्यांचे दुखणे नव्हे. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी रस्त्यावर सकाळी धावणारी एक स्त्री मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडली. ज्यांनी २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन वयाच्या शंभराव्या वर्षी पूर्ण केल्याचे जग जाणते, ते फौजासिंग १४ जुलै २०२५ रोजी पंजाबातील आपल्या गावाजवळ रस्त्यावर चालत असताना वाहनाच्या धडकेने गेले. शंभर वर्षांच्या वार्धक्याने ज्यांना थांबविले नाही, त्यांना आपल्या रस्त्याने थांबविले. एकट्या २०२२ या वर्षात देशातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मृत्यू पावले, असे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की पदपथावर सुरक्षित चालण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ज्या देशात साधे चालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते, तेथे धावणाऱ्याची काय कथा!

शासनाजवळ पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी बांबोळीला उत्तम अॅथलेटिक्स मैदान उभे राहिले. २०२३ मध्ये आपण राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविल्या. याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु काणकोणच्या किंवा पेडण्याच्या मुलाने रोज पहाटे बांबोळी गाठावी कशी? स्टेडियम हे देऊळ आहे. उत्सवाला ते हवेच. पण रोजचा दिवा लागतो तो घरच्या तुळशीपुढे. धावण्याच्या बाबतीत ही तुळस म्हणजे गावचे मैदान.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. सरकारी आणि अनुदानित शाळांची मैदाने पहाटे पाच ते सात या वेळात गावकऱ्यांसाठी उघडी ठेवावीत. त्यासाठी एक राखणदार आणि चार दिवे पुरेत. प्रत्येक पंचायतीने आपल्या मैदानाच्या कडेने दाबलेल्या मातीची एक साधी पट्टी आखावी आणि तिच्यावर मांडव घालण्यास वा वाहने उभी करण्यास मनाई करावी. शहरातील एखादा नदीकाठचा रस्ता रविवारी सकाळी दोन तास वाहनांना बंद ठेवावा. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये काही रस्त्यांवर हा प्रयोग सुरू करून दाखविला. आपल्याला तो अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. आणि यापुढे जो रस्ता रुंद होईल, त्याच्या कडेला पायी जाणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवावा. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना तर शासनानेच जागा दिली पाहिजे, कारण शासनाच्याच अटीसाठी ती धावत असतात.

या मागण्यांविरुद्ध एक आक्षेप येईल. मैदाने उघडली की ती घाण होतील, मद्यपी येऊन बसतील, शाळेची मोडतोड होईल, असे मुख्याध्यापक सांगतील. आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु कुलपाने मैदान स्वच्छ राहते म्हणावे, तर बंद मैदानांच्या कोपऱ्यांत बाटल्या येतात कोठून? ज्या जागी रोज पहाटे वीस माणसे धावतात, त्या जागेवर वीस माणसांची नजर असते. मैदान जपायचे असेल तर ते वापरात आणणे हाच त्यावरील खरा पहारा होय.

धावणाऱ्यांनीही आपले कर्तव्य विसरू नये. रस्त्यावर धावणे अटळच असेल, तर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. अंधारात फिकट किंवा चकाकणाऱ्या पट्टीचे कपडे घालावेत. कानांत गाणी लावून रस्त्यावर उतरणे म्हणजे आपला एक राखणदार आपणच घरी झोपवून येणे होय. चौघांनी धावताना आडवी रांग न करता एकामागे एक धावावे. आणि पंचायतीच्या ग्रामसभेत बुटांच्या खरेदीइतकाच उत्साह दाखवून मैदानाचा विषय मांडावा.

बीड जिल्ह्यातूनच, आष्टी तालुक्यातील मांडवा गावातून, अविनाश साबळे हा धावपटू आला. सैन्यात गेला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले, पुढल्या वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. घोडका राजुरीच्या रस्त्यावर जे तिघे गेले, त्यांच्यापैकी कोणी उद्याचा साबळे झाला असता की नाही, हे सांगता येणार नाही. कदाचित ते साधे शिपाई झाले असते, घरी पगार आणला असता, बहिणीचे लग्न केले असते. तेवढ्यासाठीच ते धावत होते. त्यांच्या पायांत कोणते बूट होते, याची चौकशी कोणी केली नाही, आणि केली असती तरी तिचा काही उपयोग नव्हता. त्यांना हवी होती ती फक्त चारशे मीटरची मातीची एक वाट. आपल्या गावातील मुलांसाठी ती आज आखली जाईल काय, एवढेच आम्ही विचारीत आहोत.